सातव्या पानाचा डावा रकाना

“डावा रकाना भरा ताई, आणि मला मोकळं करा,” असं म्हणून नदाफमामांनी सातवं पान माझ्या टेबलावर पालथं ठेवलं आणि स्वतः चहा आणायला निघून गेले.

मी बघतच राहिले. नदाफमामा आमच्या ऑफिसातले ड्राफ्ट्समन. तीस वर्षं आरवाडे सरांच्या हाताखाली ड्रॉइंगं काढत आलेले. कागद पालथा ठेवणं त्यांना चपला देवळात नेण्याइतकं वाईट वाटायचं. आणि चहा तर त्यांनी जन्मात स्वतः आणला नव्हता; समोरच्या टपरीकडे बघून दोन बोटं वर केली की चहा यायचा. आज माणूस जिना उतरून गेला. काहीतरी बिनसलंय एवढं कळलं, पण काय ते कळेना.

चौऱ्याण्णव सालचा मार्च होता. सांगलीत गावभागातल्या एका माडीवर आमचं ऑफिस, म्हणजे तीन टेबलं आणि एक ट्रेसिंगचा फळा. इमारतींची डिझाइनं करून द्यायची, एवढाच धंदा. मालक आरवाडे सर. सर चार महिन्यांपूर्वी, कार्तिकात, याच जिन्यावर पडले होते. अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तेव्हापासून ऑफिस म्हणजे मी आणि नदाफमामा. माझं वय चोवीस आणि नोकरीला दीड वर्ष झालेलं. सरांच्या शिक्क्याखाली ‘करिता’ लिहून सही करायचा अधिकार माझ्याकडे आला होता आणि त्या अधिकाराने माझी झोप उडाली होती.

सरांची हिशोबाची पानं सांगली-मिरजेत प्रसिद्ध होती. पानाच्या डोक्यावर एक सरळ वाक्य असायचं, ‘या पानावर काय शोधायचे आहे.’ खाली तीन रकाने. मधल्यात हिशोब, एका ओळीत एकच पायरी. उजव्यात उत्तर, त्याचं एकक, आणि ते उत्तर पुढे कुठल्या पानावर वापरलंय तो आकडा. डाव्यात, आकडा कुठून आला ते. कोडचं, म्हणजे बांधकामाच्या सरकारी नियमांच्या पुस्तकाचं पान, मातीचा रिपोर्ट, आधीच्या पानाचा क्रमांक, नाहीतर ‘स्वतः मोजले’ आणि तारीख. सगळं पेन्सिलीने. डावा रकाना भरल्याशिवाय नदाफमामा रेघ मारत नसत, मग मालक स्वतः येऊन बसला तरी.

मी याच्या अगदी उलट होते. गणित माझ्या डोक्यात पटापट व्हायचं आणि हाताला लिहायचा कंटाळा. रद्दीच्या कोपऱ्यावर तीन आकडे, खाली उत्तर, झालं काम. एका शाळेच्या जिन्याचा हिशोब सरांनी मला अकरा वेळा लिहायला लावला होता. उत्तर अकराही वेळा तेच. मी रडकुंडीला आले तेव्हा म्हणाले, “माळवदे, तुझं उत्तर बरोबर आहे हे तुला माहीत आहे. मला माहीत नाही. तुझ्या हिशोबाला तुझी गरज पडता कामा नये.” मी मनात म्हातारा खवट आहे म्हणून ठेवून दिलं.

आता मी पान सुलटं केलं. काम तासगावचं, दादासाहेब मगदूम यांचं बेदाण्याचं गोदाम. खाली मोकळा हॉल, त्यात बायका बेदाणा निवडायला बसणार. वरच्या मजल्यावर पेट्यांचा साठा, कारण खाली ओल लागते. इमारत फेब्रुवारीत उभी राहिली होती, माल भरायला सुरुवातही झाली होती. विमा कंपनीने मगदुमांकडे डिझाइनचे सगळे हिशोब मागितले होते, म्हणून फाइल बाहेर काढलेली. सोमवारी ती तासगावला पोचवायची होती.

सातव्या पानाच्या डोक्यावर सरांच्या अक्षरात लिहिलेलं, ‘वरच्या मजल्यावर मालाचे वजन किती धरावे.’ उजवीकडे उत्तर: दर चौरस मीटरला १२५० किलो. मधे जेमतेम एक ओळ. आणि डावीकडे काही नाही. नुसता पांढरा कागद.

खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. अकरा वेळा जिना लिहायला लावणारा माणूस, आणि सापडला की स्वतःच. पण तो आनंद चहा येईपर्यंतही टिकला नाही. आठव्या पानापासून तेविसाव्यापर्यंत सगळी पानं पूर्ण होती. स्लॅब, बीम, कॉलम, पाया, सगळ्यांच्या डाव्या रकान्यात नीट ‘पान ७’ लिहिलेलं. म्हणजे अख्खी इमारत या एका आकड्यावर उभी, आणि आकडा कशावर उभा हे कुठेच नाही. सर विसरले म्हणावं तर सर विसरत नसत. विसरले नाहीत म्हणावं तर कोरं ठेवून पुढे गेले कसे? आणि ड्रॉइंग बाहेर गेलंच कसं?

नदाफमामा चहा घेऊन आले. मी विचारलं, “मामा, हा रकाना कोरा असताना तुम्ही ड्रॉइंग काढलंत?”

“काढलं असेल,” ते कपात बघत म्हणाले.

“असेल म्हणजे?”

“तुम्ही भरा की काहीतरी. शिकलेल्या तुम्ही. कोडात असेल कुठंतरी.”

काहीतरी भरा! हे नदाफमामा म्हणत होते. मला वाटलं मी चुकीच्या ऑफिसात आले की काय.

शुक्रवारचा सगळा दिवस मी कोड चाळण्यात घालवला. बेदाणा कुठेच नाही. धान्य आहे, कापूस आहे, कागद आहे, पण प्रत्येक ठिकाणी थर किती उंच त्यावर आकडा अवलंबून, आणि थर किती हे पानावर नाही. मी उलटा उद्योग सुरू केला. उत्तर माहीतच होतं, त्याला शोभेल असा रस्ता शोधायचा. घनता थोडी इकडे, उंची थोडी तिकडे. तीन वेगवेगळ्या रस्त्यांनी मी साडेबाराशेला पोचले आणि तिन्ही रस्ते मीच बनवलेले होते.

संध्याकाळी जुन्या फाइलींच्या कपाटात हात घातला आणि घबाड मिळालं. फाइल एक्केचाळीस, सांगलीतली एक हळदीची वखार, सात वर्षांपूर्वीची. पाचव्या पानावर तोच आकडा, साडेबाराशे. आणि डावीकडे भरगच्च मजकूर: पोत्याचं माप, पोत्याचं वजन, थप्पीत किती पोती, ‘स्वतः मोजले’, तारीख, वखारीच्या मुकादमाचं नावसुद्धा. मी टाळीच वाजवली. सरांनी आकडा इथूनच उचलला होता, यात शंका नव्हती. मी पेन्सिलीला टोक केलं आणि सातव्या पानाच्या डाव्या रकान्यात सुरेख अक्षरात लिहिलं: ‘पाहा: हळद वखार, फाइल ४१, पान ५.’

नदाफमामांना दाखवलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, “अक्षर चांगलं आलंय.” बस. एवढंच.

शनिवारी दुपारी फाइल घेऊन मी विश्रामबागेत सरांच्या घरी गेले. दर शनिवारी जायचेच. सरांच्या पत्नी, कुसुमअक्का, दारातच म्हणाल्या, “आज बरे आहेत. सकाळी पेज घेतली.” सर कॉटवर उशांना टेकून बसले होते. बोलणं गेलं होतं, पण एक शब्द उरला होता, ‘अक्का’. पाणी हवं तरी अक्का, कूस बदलायची तरी अक्का, राग आला तरी अक्का. अक्कांना सूर ऐकून अर्थ लावायची सवय झाली होती. चारात तीनदा बरोबर यायचा.

मी सातवं पान त्यांच्या पुढ्यात धरलं. शाबासकी हवी होती मला, लपवत नाही. म्हटलं, “सर, तुमचा राहिलेला रकाना भरला. हळदीच्या फाइलीत सापडलं.”

त्यांनी पान पाहिलं. डाव्या हाताने माझ्याकडून ओढून घेतलं. मग अंगठा तोंडात घालून ओला केला आणि मी लिहिलेली ओळ पुसायला लागले. पेन्सिल पुसली गेली नाही, फरफटली. काळा डाग पडला. ते पुसतच राहिले.

“अक्का,” ते म्हणाले. “अक्का. अक्का.”

“पाणी देऊ?” अक्कांनी विचारलं.

त्यांनी मान झटकली. तळहात पानावर थापला, मग उचलून माझ्याकडे बोट केलं, मग खिडकीकडे. डोळ्यांत पाणी आलं होतं.

“उन्हाचा त्रास होतोय,” अक्का म्हणाल्या आणि त्यांनी पडदा ओढला. सरांनी डोळे मिटून घेतले.

मला परत काही कळेना. चूक म्हणावी तर फाइल एक्केचाळीसचा आकडा खरा होता, त्यांच्याच हातचा. मग राग कशाचा? जिन्यातून उतरताना मला वाटलं, मी त्यांच्या पानावर लिहिलं हेच त्यांना सोसलं नाही. तीस वर्षं त्यांच्याशिवाय कुणी त्या पानांवर पेन्सिल टेकवली नव्हती. मलाही वाईट वाटलं, थोडा रागही आला. आणि मग मी काय केलं सांगू? रविवारी घरी बसून ते अख्खं पान नव्या कागदावर उतरवून काढलं. हळदीच्या ओळीसकट. पहिल्यापेक्षा देखणं. माझ्या आयुष्यात इतकं सुबक पान मी त्याआधी लिहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी फाइल बांधताना नदाफमामांना मी डाग पडलेलं पान दाखवलं आणि झाला प्रकार सांगितला. ते खाली बसले. स्टुलावर नाही, जमिनीवर.

“ताई,” ते म्हणाले, “मी सांगायला पाहिजे होतं. मगदूम रोज फोन करत होते, ड्रॉइंग द्या, ड्रॉइंग द्या. मी सरांना म्हटलं, सात नंबरचा रकाना कोरा आहे, मी काढत नाही. सर म्हणाले, तात्पुरतं हळदीचं धरलंय. परवा तासगावला जाऊन पेट्यांचे थर मोजून येतो, मग भरतो. तोवर तू काढ. तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, काढ. मी काढलं. मगदुमांचा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेला. आणि तिसऱ्या दिवशी सर पडले.”

“आणि तुम्ही चार महिने गप्प बसलात?”

“सर बरे होतील असं वाटत होतं, ताई. आणि मग इमारतच उभी राहिली. आता काय बोलायचं?”

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडू कोणत्या तोंडाने? मी तरी काय केलं होतं? सरांनी हळदीचा आकडा घेतला होता आणि तो घेतल्याचं लिहिलं नव्हतं, कारण बेदाण्यासाठी तो आधार नव्हता. मी तो आधार म्हणून लिहिला होता. म्हणजे माझा शोध खरा होता आणि तरीही खोटा होता. हे असं कसं होऊ शकतं, हा घोळ डोक्यात घेऊनच मी तासगावच्या एस.टी.त बसले. फाइल मांडीवर. द्यायची की नाही, ठरत नव्हतं.

मगदूम म्हणजे धिप्पाड माणूस, पांढरी टोपी, कपाळाला गंध, बोलणं रांगडं पण माणुसकीचं. गोदामाच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मला बघून उठले.

“या ताई. आरवाडे साहेब कसं हायत?”

“तसेच आहेत.”

“लई वाईट झालं. देवमाणूस. आणा फाइल. विम्याचा माणूस उद्या येणार हाय.”

मी फाइल द्यायच्या आत त्यांनी हातातून घेतलीसुद्धा. चष्मा लावला आणि पान पान बघायला लागले. मला वाटलं, बघून काय कळणार आहे? पण सरांची पानं होती ती. डोक्यावर सरळ मराठी वाक्य. मगदुमांचं बोट सातव्या पानावर थांबलं.

“वरच्या मजल्यावर मालाचं वजन किती धरावं,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “ह्ये बरं हाय, कळतंय. आन ह्ये काय? हळद? माझ्या फायलीत हळद कुठनं आली?”

मी म्हटलं, “तो आकडा हळदीच्या वखारीवरनं घेतलाय.”

“असू दे, असू दे. साडेबाराशे किलो. चौरस मीटर म्हंजे ह्येवढं ना?” त्यांनी हात पसरून दाखवलं. जन्मभर पेट्या मोजलेला माणूस; ओठ हलले आणि झालं. “ह्येवढ्या जागेत एका थराला आठ पेट्या. पंधरा किलोची पेटी. एकशेवीस. दहा थर बाराशे. म्हंजे दहा थर लावायचं?”

“तुम्ही किती लावता?”

मगदुमांनी चष्मा काढला. “पंधरा.”

मी फाइल परत घेतली आणि म्हटलं, “वर जाऊन बघू.”

वर अंधारात थंडगार वास येत होता, गोडसर. पेट्या छताला टेकायला आल्या होत्या. मी मोजल्या. एका जागी पंधरा, एका जागी चौदा, भिंतीकडे सोळा. तीन चतुर्थांश मजला भरला होता. पंधरा थर म्हणजे अठराशे किलो. मी पायाखाली बघत चालले, जणू बघून काही दिसणार होतं.

“दादासाहेब, वरचे पाच थर उतरवायला लागतील. आजच.”

“उतरवून ठेवू कुठं? सीझन हाय. गावात एक खोली रिकामी नाही. पावसाची एक सर आली तर माल काळा पडंल.” ते चिडले नव्हते, समजावत होते. “आन ताई, मला सांगा, इंजिनिअर लोक दीडपट धरून चालतात का नाही? आरवाडे साहेबांनीच सांगितलंय मला.”

“धरतात.”

“मग बाराशेचं दीडपट अठराशे. बसलं की.”

कबूल करते, एक क्षण मलाही वाटलं, बसलं की. आकडे खरंच बसत होते. मग म्हटलं, “ते दीडपट आमच्या चुकांसाठी असतं. सळई चुकते, सिमेंट कमी पडतं, माझ्यासारखी पोरगी पान चुकीचं लिहिते. ते तुमच्या पेट्यांनी खाल्लं तर आमच्या चुकांना जागा उरत नाही.”

“म्हंजे पडणार हाय का ह्ये? सरळ सांगा.”

“पडणार नाही बहुधा.”

“बहुधा,” ते म्हणाले. “मग जाऊ द्या की ताई. विम्याचा माणूस जाऊ दे, पंधरा दिवसांत करतो मी काहीतरी. तुम्ही गप ऱ्हावा. साहेबांचं नाव हाय त्या कागदावर, उगं त्यांच्या नावाला बट्टा कशाला?”

त्या शेवटच्या वाक्याने मी गारच पडले. खरंच होतं ते. पलंगावर पडलेला माणूस, स्वतःच्या बाजूने एक शब्द बोलू न शकणारा, आणि त्याची चूक मी चव्हाट्यावर मांडायची? मी नुसती जिना उतरून खाली आले.

खाली चाळीस-पन्नास बायका मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात परातीत बेदाणा, हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काड्या वेगळ्या. गप्पा रंगलेल्या. मी वर बघितलं. मधल्या बीमला एक बारीक भेग होती, केसाएवढी. गिलाव्याची होती की बीमची, मला सांगता येईना. आजही सांगता येणार नाही. तिच्या बरोबर खाली एक म्हातारी बसली होती, ठसठशीत कुंकू, हात भराभर चालत असलेले.

मी तिच्या पुढ्यात जाऊन बसले. कशी बसले, का बसले, ठाऊक नाही. म्हटलं, “मावशी, तुमचं नाव काय?”

“सोजरबाई. का गं बाय? नवी लागलीस व्हय कामाला?”

आजूबाजूच्या बायका हसल्या. मी म्हटलं, “मी या इमारतीचा हिशोब लिहिलाय. तुम्हाला सांगू का?”

“आमाला काय कळतंय त्यातलं?”

“कळेल. नाही कळलं तर मला थांबवा.”

दारावर माप लिहायला खडू ठेवलेला होता. मी तो आणला आणि फरशीवर एक मीटरचा चौकोन काढला. बायका परात सोडून बघायला लागल्या. मी म्हटलं, “एवढ्या जागेत वर किती पेट्या बसतात?”

सोजरबाईने बघितलं. “आडव्या दोन, अशा चार वळी. आठ.”

मी खडूने ‘आठ’ लिहिलं. “एका पेटीत किती किलो?”

“पंधरा.”

“हे कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“सांगाय कशाला पायजे? पेटीवर छापलंय. आन आमीच भरतो की.”

मी डाव्या बाजूला लिहिलं, ‘पेटीवर छापले आहे.’ मग मधे एक ओळ, एकच पायरी. आठ पेट्या, पंधरा किलो, एकशेवीस. शाळा शिकलेली एक तरुण बाई मोठ्याने वाचत होती, बाकीच्या माना डोलवत होत्या. मग थर. “वर पंधरा थर आहेत. मी आत्ता मोजून आले.” डावीकडे ‘स्वतः मोजले’. एकशेवीस पंधरा वेळा. त्यांनी बोटांवर दहा आणि पाच असं वेगळं करून मोजलं. अठराशे.

“म्हंजे माझ्या डोक्यावर, ह्येवढ्या जागेत, अठराशे किलो,” सोजरबाई म्हणाली.

“होय.”

“आन ह्ये छत किती पेलतंय?”

मी लिहिलं, साडेबाराशे.

आता मगदूम जिन्यात येऊन उभे राहिले होते. सोजरबाईने फरशीवरचे आकडे वरून खाली एकदा बघितले. मग खडूने काढलेल्या डाव्या बाजूला, जिथे मी अजून काही लिहिलं नव्हतं, तिथे बोट ठेवलं.

“ह्ये आठ मला दिसतंय. ह्ये पंधरा पेटीवर छापलंय. ह्ये थर तू मोजलंस. आन ह्ये साडेबाराशे कुठनं आलं?”

माझ्याजवळच्या फाइलीत ते सुबक पान होतं. हळद वखार, फाइल ४१, पान ५. मला ते सांगता आलं असतं आणि त्यांना ते पटलंही असतं. शहाण्या बाईने पाठ केलेलं काहीतरी, असं म्हणून त्या गप्प बसल्या असत्या. मगदूम माझ्याकडे बघत होते. मला सरांचा अंगठा आठवला आणि तेव्हा कुठे मला कळलं की तो रकाना विसरलेला नव्हता. त्या कोऱ्या जागेत सरांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी म्हटलेलं होतं, आणि मी त्यावर लिहून ते झाकलं होतं.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

“कुणालाच?”

“कुणालाच नाही, मावशी. तो आकडा दुसऱ्या इमारतीचा आहे. इथं पेट्यांचे किती थर रचणार हे कुणी मोजलेलंच नाही, तोच आकडा धरून छत बांधलंय. मोजणारा माणूस आजारी पडला, आणि मी मोजायच्याऐवजी लिहून टाकलं.”

पन्नास बायकांसमोर असं रडायला येईल असं मला वाटलं नव्हतं. सोजरबाईने पदराला हात पुसले, आपली परात उचलली, डोक्यावर घेतली आणि उभी राहिली.

“चला गं,” ती म्हणाली. “हिलाच माहीत न्हाई, तर आपण कशाला बसायचं हितं?”

एकीने विचारलं, “हजेरी बुडंल की.”

“बुडू दे,” ती म्हणाली आणि दाराकडे निघाली.

एकेक करून सगळ्या उठल्या. घाई नाही, गडबड नाही. परातीतला माल सांडू न देता, चपला शोधत, लेकरांना काखेला मारून त्या बाहेर गेल्या आणि रस्त्यापलीकडे बाभळीच्या सावलीत जाऊन बसल्या. हॉलमध्ये मी राहिले, खडूचा चौकोन राहिला आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मगदूम.

“आता हमालांना सांगावंच लागंल,” ते म्हणाले. आवाजात राग होता आणि थकवा होता. “बायका नसल्यावर माल निवडणार कोण?”

मी फाइल उचलली आणि बाहेर आले. मागे वळून बघितलं तेव्हा मगदूम त्या चौकोनाजवळ एकटे उभे होते, टोपी हातात घेऊन, फरशीवरचं वाचत. मग त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं. आणि मग तेही बाहेर आले.